सेट झाली, आता लोट्याची नोकरी सोडून प्राध्यापकीकडे वळावं का?

प्रश्न थोडक्यात असा: गुहागर तालुक्यातल्या एका मुलीचं ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी. झालंय. काही वर्षं लोटे एमआयडीसीतल्या कंपनीत ती क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासण्याच्या कामावर आहे. यंदा सेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची राज्य पात्रता परीक्षा, ती पास झाली. जवळच्या कॉलेजात सीएचबीची, म्हणजे तासिका तत्त्वावरची जागा मिळते आहे, एक गाइड पॉलिमरवर (लांब साखळीच्या रेणूंचे पदार्थ: नायलॉन, रेझिन वगैरे) पीएच.डी. द्यायला तयार आहेत, आणि घरचे म्हणतात की चालू पगार सोडू नकोस. तिला विचारायचंय की या पेशात प्रत्यक्षात काय वाट्याला येतं, आणि ऑरगॅनिक शिकलेल्याने पॉलिमरकडे जावं का. मी रत्नागिरी जिल्ह्यात दोन दशकांहून जास्त काळ हे दोन्ही विषय शिकवते आहे. म्हणून जरा लांबलचक लिहिते.

आधी सरळ उत्तर देते. सीएचबीसाठी नोकरी सोडू नका. पीएच.डी.ला मात्र लगेच हो म्हणा, आणि ती नोकरीत राहून, अर्धवेळ करा. यूजीसीच्या 2022 च्या पीएच.डी. नियमांत अर्धवेळ पीएच.डी.ला जागा आहे; त्यासाठी कंपनीची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र लागतं. मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षं, स्त्रियांना त्यावर दोन वर्षांची सवलत, शिवाय प्रसूती आणि बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा. घरी ही माहिती नक्की सांगा. "लग्नानंतर कसं जमणार" या प्रश्नाचं निदान कागदावरचं उत्तर तुमच्या हातात राहील.

सीएचबीबद्दल मी इतकं ठाम का बोलते? मानधन तासावर असतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते शून्य, दिवाळीत शून्य, आणि जे असतं तेही बरेचदा सत्र उलटून गेल्यावर हातात पडतं. शिकवण्याचा अनुभव मिळतो हे खरं, आणि ज्याच्या घरी दुसरा पगार आहे त्याने एक-दोन वर्षं जरूर करावं. पण "इथे सीएचबी केली की पुढे याच जागेवर पर्मनंट करतील" हे आश्वासन कोणी तोंडी दिलं तर ते देणाऱ्याच्या हातातली ती गोष्टच नसते. अनुदानित जागा निघायची म्हणजे आधी पदभरतीला शासनाची मंजुरी, मग रोस्टरची, म्हणजे आरक्षणाच्या बिंदुनामावलीची तपासणी, मग एनओसी, जाहिरात, विद्यापीठाने नेमलेल्या तज्ज्ञांसह निवड समिती, विद्यापीठाची मान्यता आणि शेवटी जेडी ऑफिसकडून (उच्च शिक्षण सहसंचालकांकडून) वेतननिश्चिती. यातली एक पायरी अडली की अख्खी जागा वर्षानुवर्षं लोंबकळते. माझ्या डोळ्यांदेखत हुशार मुलं-मुली तिशी ओलांडेपर्यंत "या वर्षी जाहिरात येणार" या आशेवर तासिका घेत राहिली. त्यांचा विषय कच्चा नव्हता. त्यांच्या हातात दुसरं काही नव्हतं, एवढंच.

आणखी एक गोष्ट उघड बोलायला हवी. काही ठिकाणी जागेसाठी पैसे मागितले जातात. माझ्याकडेही मागितले होते, एका संस्थेत, मुलाखतीच्या आधी. मी ती मुलाखत दिलीच नाही. तुम्हीही देऊ नका. कर्ज काढून घेतलेली खुर्ची पुढची दहा वर्षं तुम्हाला कोणासमोर तोंड उघडू देत नाही, आणि ज्या मास्तरला तोंड उघडता येत नाही त्याने प्रयोगशाळेसाठी भांडायचं कसं?

पात्रतेचं नीट समजून घ्या, कारण यात ऐकीव माहिती फार फिरते. एम.एस्सी.ला 55 टक्के, राखीव प्रवर्गांना 5 टक्क्यांची सूट, आणि नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा सेट. जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी पीएच.डी. सक्तीची नाही. तुमची सेट महाराष्ट्र आणि गोव्याची आहे, तेव्हा तेरेखोलच्या पलीकडच्या, गोव्यातल्या जाहिरातींवरही लक्ष ठेवा. सिंधुदुर्गातले बरेच जण ठेवतात, रत्नागिरीकर मात्र ते विसरतात. सीएसआयआर-नेटही (विज्ञान विषयांची नेट) एकदा मनापासून द्या. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर गणितच बदलतं: 2023 पासून महिना 37,000 रुपये, पुढच्या टप्प्यावर, एसआरएफला, 42,000, वर घरभाडं. मग लोट्याची नोकरी सोडून पूर्णवेळ संशोधन करायला मीच तुम्हाला सांगेन. फक्त वयाची अट आधी पाहून घ्या.

पर्मनंट झाल्यावरची शिडी आता बरीच स्पष्ट आहे. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापक लेव्हल 10 वर, मूळ वेतन 57,700 पासून सुरू. पीएच.डी. असेल तर चार वर्षांनी, नसेल तर सहा वर्षांनी लेव्हल 11, तिथून पाच वर्षांनी 12, मग तीन वर्षांनी सहयोगी प्राध्यापक म्हणजे 13-ए, मूळ 1,31,400. या शेवटच्या पायरीला पीएच.डी.शिवाय जाता येत नाही. भरतीला नको असलेली पदवी बढतीला लागतेच, आणि नोकरी लागल्यावर, आठवड्याला सोळा तासांचं अध्यापन, परीक्षा, नॅकचं मूल्यांकन, एनएसएस सांभाळत ती करणं किती जड जातं ते आमच्या स्टाफरूममध्ये येऊन पाहा. म्हणून म्हणते, ती आत्ताच सुरू करा. पेन्शनचंही मनात स्पष्ट ठेवा: 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही.

हे सगळं झालं नोकरीचं. आता विषयाचं. मला तुमच्याशी खरं बोलायचंय ते याच्याचबद्दल. जागा कधी निघेल हे तुमच्या हातात नाही. तुमच्या टेबलावर मांडता येईल असा, या किनाऱ्यावरच्या मालातून निघालेला एक प्रश्न मात्र तुम्ही आजपासून धरू शकता, आणि तो धरलेली माणसंच या पेशात कोरडी पडत नाहीत, असं मी इतक्या वर्षांत पाहिलंय.

ऑरगॅनिकच्या माणसाने पॉलिमरकडे का जावं? कारण हा विषय उभाच ऑरगॅनिकवाल्यांनी केला. स्टाउडिंगर हा कीटीन नावाच्या संयुगांवर काम करणारा नावाजलेला जर्मन ऑरगॅनिक केमिस्ट. त्याने 1920 मध्ये लांब साखळीच्या रेणूंची कल्पना मांडली, तेव्हा भल्याभल्यांनी ती मानली नाही. नोबेल मिळालं 1953 मध्ये. कॅरोथर्स हार्वर्डला ऑरगॅनिक शिकवत होता, 1928 मध्ये ड्यूपाँट या अमेरिकन रसायन कंपनीत गेला, आणि 1935 मध्ये तिथे नायलॉन झालं. मिरकरवाड्याच्या जेटीवर जाळी शिवत बसलेल्या माणसाच्या हातात जो धागा असतो, तो त्याच घराण्यातला.

पण ऑरगॅनिकची एक सवय पॉलिमरमध्ये येताना सोडावी लागते. आपल्याला एम.एस्सी.ला एखाद्या विक्रियेचं उत्पन्न 95 टक्के आलं की आपण पेढे वाटतो. स्टेप-ग्रोथ पॉलिमरमध्ये, म्हणजे नायलॉनसारखी एकेक दुवा जुळत साखळी वाढते तिथे, कॅरोथर्सचं समीकरण सांगतं की विक्रिया 95 टक्के झाली तर साखळीत सरासरी 20 दुवे. बस. त्यातून धागा ओढला जात नाही, पदार्थ ठिसूळ नाहीतर चिकट राहतो. 99 टक्क्यांवर गेलात तर 100 दुवे. या चार टक्क्यांत साखळी पाचपट होते. आणि दोन घटकांपैकी एक 5 टक्क्यांनी जास्त पडला, तर सगळी विक्रिया पूर्ण होऊनही साखळी 40 च्या आसपास अडकते. हे फळ्यावर शिकवताना मुलं मान डोलावतात. पण एकदा स्वतःच्या हाताने वजन चुकवून पाहिलं की तेव्हा कळतं, शुद्धता आणि अचूक वजन म्हणजे इथे अख्खा विषय आहे.

आणि इथेच तुमची क्यूसीची वर्षं कामाला येतात. तुम्हाला वाटत असेल की टायट्रेशन करण्यात, कार्ल फिशरवर ओलावा मोजण्यात वेळ वाया गेला. अजिबात नाही. अ‍ॅसिड व्हॅल्यू, हायड्रॉक्सिल व्हॅल्यू, अमाइन व्हॅल्यू ही सगळी साखळीच्या टोकांची मोजणी आहे. दर साखळीला एकच कार्बोक्सिल गट असेल आणि अ‍ॅसिड व्हॅल्यू 56 आली, तर सरासरी रेणुभार सुमारे 1000 झाला. ब्युरेट आणि केओएचवर! जीपीसीचं, म्हणजे पॉलिमरचा रेणुभार मोजणारं यंत्र आमच्या भागातल्या कॉलेजात कुठून असणार? पण ब्युरेट प्रत्येक कॉलेजात आहे, आणि तुमचा हात एखाद्या नव्या पीएच.डी.वाल्यापेक्षा त्यावर जास्त बसलेला आहे. मुलाखतीत हे सांगा. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी ऑन-जॉब ट्रेनिंग आलंय, आणि कॉलेजांना लोटे, महाड, रोहा इथल्या कंपन्यांत मुलं पाठवायला ओळखीचं माणूस हवंच असतं. ते माणूस तुम्ही आहात.

आता प्रश्न कोणता धरायचा. तुमच्या गाइडने काय सुचवलंय ते तुम्ही लिहिलं नाही, म्हणून मी माझ्या आवडीचं सांगते: काजूच्या टरफलाचं तेल. गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत काजू फोडणाऱ्या बायकांचे हात ज्याने काळे पडतात, सोलतात, ज्यासाठी त्या हाताला खोबरेल लावून बसतात, ते तेल. टरफलाच्या वजनाच्या जवळपास पाव हिस्सा किंवा थोडं जास्तच. त्यात मुख्यतः अ‍ॅनाकार्डिक आम्ल. म्हणजे आपलं ओळखीचं सॅलिसिलिक आम्ल, फक्त पंधरा कार्बनची शेपटी लागलेलं. तापवलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डेनॉल उरतो. फिनॉलचा गट एका बाजूला, मेटा जागेवर ती लांब शेपटी, आणि शेपटीत शून्य ते तीन दुहेरी बंध. आंब्याचा चीक उततो (लागला की अंगावर फोड येतात), बिब्बा उततो, काजूचं तेल उततं; तिन्ही झाडं एकाच कुळातली आणि तिघांचं कारणही एकाच जातीचे रेणू. हे सांगितलं की वर्गातली मागच्या बाकावरची मुलंही सरसावून बसतात, कारण मे महिन्यात चीक उतून तोंड सुजलेलं प्रत्येकाच्या घरात कोणीतरी असतंच.

या एका रेणूवर आख्खं करिअर उभं राहू शकतं. फिनॉलच्या बाजूने फॉर्मॅल्डिहाइडशी जोडा, की रेझिन. गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये हे जातं. शेपटीतले दुहेरी बंध हवेतल्या ऑक्सिजनने जवसाच्या तेलासारखे वाळतात, म्हणून लाकडी होड्यांना हे तेल फासायची किनाऱ्यावर जुनी पद्धत आहे. आणि मॅनिश विक्रिया, जी आपण नावापुरती पाठ करतो, ती कार्डेनॉल, फॉर्मॅल्डिहाइड आणि पॉलिअमाइन यांच्यावर केली की फेनॅल्कमाइन मिळतं. हा इपॉक्सीचा हार्डनर, म्हणजे इपॉक्सी रेझिनला घट्ट करणारा घटक, ओल्या पृष्ठभागावरही बसतो, कमी तापमानालाही चढतो, म्हणून जहाजांच्या रंगांत वापरतात. कोकणातल्या पावसाळ्यात काम करणाऱ्याला यापेक्षा जवळचं रसायन कोणतं?

टी.वाय.च्या मुलांना मी जेल पॉइंट, म्हणजे पातळ माल एकदम गोठतो तो क्षण, दाखवते तो याच रेझिनवर. कागदी कपात, कारण काचेच्या बीकरमधून ते पुन्हा निघत नाही. फ्यूम हूडमध्ये, हातमोजे घालून, कारण फॉर्मॅल्डिहाइड कर्करोगकारक आहे आणि त्याच्याशी सलगी नको. काचकांडी उचलली की सुरुवातीला थेंब सुटा पडतो. थोड्या वेळाने पाकासारखी तार धरते. मग ती तार तुटल्यावर खाली न पडता आखडून वर कांडीकडे सरकते. इथे मी मुलांना बोलायचं बंद करायला लावते, कारण यापुढे मिनिटांचा खेळ असतो: एकदम कांडी उचलली की कपच वर येतो. त्या क्षणी कपातला माल म्हणजे जवळजवळ एकच प्रचंड रेणू झालेला असतो. स्टाउडिंगरला लोक का हसले आणि तो का बरोबर होता, हे त्यानंतर वेगळं शिकवावं लागत नाही.

साधनांची काळजी करताय तर तेही सांगते. आडवे बंध पडलेला, म्हणजे साखळ्या एकमेकींना जोडल्या गेलेला पॉलिमर कशातच विरघळत नाही, त्यामुळे त्याचा साधा एनएमआर (रेणूची रचना दाखवणारी चाचणी) किंवा जीपीसी करताच येत नाही, यंत्र कितीही महागडं असो. त्याला लागतो सॉक्सलेट (द्रावकाने विरघळणारा भाग धुऊन काढणारं काचेचं उपकरण) आणि चांगला तराजू. आधी वजन, द्रावकात काढून सुकवल्यावर वजन, म्हणजे जेलचं प्रमाण. फुगवून वजन, म्हणजे बंधांची दाटी. हे तुमच्या कॉलेजात होईल. मधल्या टप्प्यांवरच्या, विरघळणाऱ्या नमुन्यांचा एनएमआर पवईला आयआयटीच्या सैफमध्ये, म्हणजे बाहेरच्यांचे नमुने तपासून देणाऱ्या केंद्रात, करून घेता येतो. नमुने साठवून एकदम पाठवा. एकेक पाठवत बसलात तर पैसे आणि उत्साह दोन्ही संपतात.

आणि पाऊस. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिमीच्या वर पडतो, आणि पुस्तकं लिहिणाऱ्यांनी तो पाहिलेला नसतो. जुलैत नमुना मिसळून केबीआरची (पोटॅशियम ब्रोमाइडची) गोळी दाबून आयआरच्या (इन्फ्रारेडच्या) यंत्रात ठेवेपर्यंत ती धुरकट होते, आणि आलेखावर 3400 च्या आसपास पाण्याचा रुंद पट्टा असा येतो की तुमचा हायड्रॉक्सिल आहे की आभाळातलं पाणी, ते कळत नाही. कॅल्शियम क्लोराइड बाटलीतच पाणी होऊन बसतं. डेसिकेटरमधली निळी सिलिका दोन दिवसांत गुलाबी होते. कार्डेनॉलपासून पॉलियुरेथेन करायला घेतलंत, तर त्यातला आयसोसायनेट हा घटक हवेतल्या ओलाव्याशीच विक्रिया करतो, कार्बन डायऑक्साइड सोडतो, आणि फिल्मभर बुडबुडे उठतात. मुलं समजतात की रेसिपी बिघडली. म्हणून आमच्याकडे वर्षाची आखणीच तशी असते: जून ते सप्टेंबर पाणी चालणारी कामं, रेझिन, फेनॅल्कमाइन, टायट्रेशन, वाचन, लेखन, ओलावा न चालणारं सगळं दिवाळीनंतर ते मेपर्यंत. पीएच.डी.चं वेळापत्रक गाइडना देताना हे त्यात लिहा. मुंबई-पुण्याचे परीक्षक असतील तर त्यांना ते विचित्र वाटेल, समजावून सांगा.

शिकवण्याबद्दल फार लिहीत नाही, ते करूनच येतं. एकच. पदवीच्या वर्गात पॉलिमरचं युनिट बहुतेक ठिकाणी सत्राच्या शेवटी उरकलं जातं, कारण विभागात ते कोणालाच नको असतं. मुलाखतीत स्वतःहून म्हणा की पॉलिमर मी घेईन. आणि आपली मुलं खेड, दापोली, संगमेश्वरच्या मराठी शाळांतून येतात, तेव्हा विक्रियेची यंत्रणा मराठीत बोलून शिकवा, संज्ञा इंग्रजी राहू देत. इलेक्ट्रॉनची जोडी कुठून निघाली, कुठे गेली आणि का गेली, हे ज्याला आपल्या भाषेत सांगता येतं त्याला पेपर कोणत्याही भाषेत लिहिता येतो.

शोधनिबंधांबाबत सावध राहा. यूजीसीने केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, 2025 मध्ये बंद केली, त्यामुळे जर्नल निवडण्याची जबाबदारी आता तुमच्यावर आणि गाइडवर आहे. पैसे भरा आणि आठवड्यात छापून घ्या असं म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. तिथे छापलेलं निवड समितीतला जाणता माणूस एका नजरेत ओळखतो. वर्षाला पाच हलक्या निबंधांपेक्षा दोन वर्षांत एक असा लिहा की ज्यातला प्रत्येक आकडा तुम्ही स्वतः पुन्हा काढून दाखवू शकता.

आता लगेच करायचं ते. पहिलं, गाइडना विचारा की त्यांच्याकडे जागा खरंच रिकामी आहे का. सहायक प्राध्यापकाला चार, सहयोगीला सहा, प्राध्यापकाला आठ विद्यार्थ्यांची मर्यादा आहे, आणि "देतो" म्हणणाऱ्या प्रत्येकाकडे जागा असतेच असं नाही. त्यांचं संशोधन केंद्र विद्यापीठाकडून मान्यताप्राप्त आहे का तेही पाहा. दुसरं, कंपनीच्या एचआरकडे एनओसीचा अर्ज लेखी द्या, आणि तुमच्या विषयाचा कंपनीच्या मालाशी संबंध नाही हे त्यात स्पष्ट लिहा, नाहीतर गोपनीयतेच्या कलमावर तो अर्ज अडेल. तिसरं, शिकवायची भूक असेल, आणि ती असणारच, तर जवळच्या कॉलेजात शनिवारी एखादं गेस्ट लेक्चर मागून घ्या, विषय पॉलिमरमधलं टायट्रेशन. काजूचा हंगाम मार्च ते मे. त्याआधी एखाद्या काजू कारखान्यात जाऊन टरफलं किती तापवतात, तेल कुठल्या टप्प्यावर काढतात ते विचारून ठेवा, कारण न तापवलेलं आणि तापवलेलं तेल ही रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोन वेगळी द्रव्यं आहेत, आणि तुमच्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात कोणतं घेतलंत हे लिहावं लागेल. एनओसी मिळाली की गाइडनी सुचवलेला विषय मला कळवा, त्यावर वेगळं लिहीन.